पंप विहिरीला विचारून घ्या

चारकोपात कसली आली विहीर, असे कांदिवली स्टेशनवर उतरणारा माणूस म्हणेल. त्याचेही चूक नाही. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने म्हाडाने इथे लहान लहान भूखंड पाडले, खाजणाच्या कडेला सेक्टर उभे राहिले आणि गाव त्यांच्या आड गेले. पण वाचकहो, गावठाणाच्या आळीत शिरा, घरांच्या मागच्या अंगाला बघा. चारकोपसारख्या उपनगरातल्या जुन्या गावठाणांत अजून बांधीव विहिरी आहेत. कुणी त्यावर झाकण टाकून ठेवले आहे, कुणी परसातल्या चार केळींना पाणी घालतो, कुणाचे धुणेभांडे त्यावरच चालते. आणि नळाचे पाणी कमी झाले की सगळ्यांना विहिरीची आठवण होते. २००९ साली पावसाने ओढ दिली तेव्हा मुंबईत मोठी पाणीकपात झाली. जून २०२४ मध्येही धरणांतला साठा खाली गेला म्हणून कपात करावी लागली. अशा वेळी घरातला कर्ता माणूस उठतो, दुकानात जातो आणि पंप घेऊन येतो.

इथेच माझे म्हणणे आहे. पंप घेताना लोक दुकानदाराला विचारतात, शेजाऱ्याला विचारतात, प्लंबरला विचारतात. विहिरीला कोणी विचारत नाही. शेजाऱ्याने एक हॉर्सपॉवरचा घेतला तर आपण दीडचा घ्यायचा, अशी ही खरेदी. "साहेब, पॉवर थोडी जास्त असलेली बरी, नाही का? कधीतरी उपयोगी पडेल," असे मला कितीतरी जणांनी विचारले आहे. माझे उत्तर ठरलेले आहे. पॉवर जास्त असलेली बरी नाही. चारकोपात तर मुळीच नाही. का ते सांगतो.

गरज किती, ते आधी मोजा

शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. पाच माणसांच्या घराला झाले ६७५ लिटर. यात नळाचे पाणी धरलेले नाही. सगळे पाणी विहिरीचेच वापरायचे म्हटले तरी एवढेच लागते. म्हणजे हजार लिटरची टाकी दिवसातून एकदा भरली की घर निभावते, वर झाडांनाही उरते.

ही टाकी अर्ध्या तासात भरायची असे धरू. म्हणजे पंपाने तासाला दोन हजार लिटर पाणी दिले पाहिजे. आता ते किती उंच चढवायचे? मे महिन्यात विहिरीतले पाणी जमिनीपासून १८ फूट खाली गेले आहे, आणि एकमजली घराच्या माथ्यावरची टाकी जमिनीपासून २७ फूट वर आहे. दोन्ही मिळून ४५ फूट. पाइपातल्या घर्षणाचे आणि एल्बोंचे आणखी ५ फूट धरा. झाले ५० फूट, म्हणजे सुमारे १५ मीटर. यालाच पंपाच्या भाषेत हेड म्हणतात.

दोन हजार लिटर पाणी तासाभरात १५ मीटर उंच न्यायला नुसती ताकद लागते ती हॉर्सपॉवरचा नववा हिस्सा. लहान पंप निम्म्याहून जास्त ताकद वाया घालवतात. चांगला पंपही पाव ते एक तृतीयांश ताकदच पाण्याला देतो. तो हिशेब धरला तरी अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंप या घराला पुरून उरतो. दीड हॉर्सपॉवर कशाला? कोणाला दाखवायचा आहे?

तुमच्या घराचे आकडे वेगळे असतील. दोन मजले असतील, विहीर खोल असेल. आकडे बदला, पण हिशेब हाच करा. आणि पाण्याची पातळी मे महिन्यातली घ्या. श्रावणात विहीर काठोकाठ भरलेली असते, तेव्हाच्या पातळीवर घेतलेला पंप उन्हाळ्यात नुसती हवा ओढतो.

विहीर किती देते, तेही मोजा

घराची गरज ही अर्धी गोष्ट झाली. विहिरीची ऐपत ही दुसरी अर्धी, आणि तिच्याकडे कोणी बघत नाही.

आठ फूट व्यासाच्या गोल विहिरीत एक फूट उंचीचे पाणी म्हणजे सुमारे १,४०० लिटर. आता एक साधी परीक्षा करा. एखाद्याकडून पंप मागून आणा, मे महिन्यात विहिरीचे पाणी दोन फूट उतरवा आणि उपसा बंद करा. दोरीला दगड बांधून पाण्यापर्यंत सोडा, दोरीवर गाठ मारा आणि घड्याळ लावून बसा. पाणी एक फूट वर यायला दोन तास लागले, तर तुमच्या विहिरीचा झरा तासाला ७०० लिटर देतो. ही तिची ऐपत. तिच्या खिशात एवढेच आहे.

त्या विहिरीवर दीड हॉर्सपॉवरचा पंप बसवला तर १५ मीटर हेडला तो तासाला दहा हजार लिटरच्या आसपास उपसा करू शकतो. मे महिन्यात विहिरीत पाच फूट पाणी असेल तर ते झाले सात हजार लिटर. म्हणजे पाऊण तासात विहीर तळाला! मग पंप हवा ओढतो, कोरडा फिरतो, सील जळते, वाइंडिंग जळते. मालक म्हणतो, कंपनीने फसवले. कंपनीने नाही, हॉर्सपॉवरच्या हौसेने फसवले.

याच विहिरीवर अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंप अर्धा तास चालवा. हजार लिटर निघाले, पाणी साडेआठ इंच उतरले. दीड तासात विहीर पुन्हा होती तशी.

समुद्र वाट बघत असतो

इथवर जे सांगितले ते सांगली-सोलापूरच्या विहिरीलाही लागू आहे. चारकोपची गोष्ट पुढे आहे.

आपल्या पश्चिमेला तिवरं आहेत, त्यापलीकडे मनोरीची खाडी. भरतीचे पाणी रोज दोन वेळा आत येते. जमिनीखाली काय चालते ते डोळ्यांना दिसत नाही, पण शास्त्र साधे आहे. पावसाचे मुरलेले गोडे पाणी हलके, समुद्राचे पाणी खारे म्हणून साधारण चाळिसाव्या हिश्शाने जड. त्यामुळे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. जमिनीखालच्या गोड्या पाण्याची पातळी समुद्राच्या पातळीपेक्षा एक फूट वर असेल, तर ती खाली सुमारे ४० फूट गोडे पाणी तोलून धरते. बादोन खायबेन आणि हर्झबर्ग या दोन शास्त्रज्ञांनी हा नियम शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मांडला.

आता उलटा विचार करा. ती वरची पातळी तुम्ही एक फुटाने कायमची खाली आणली, तर खालचे खारे पाणी हळूहळू ४० फुटांनी वर सरकू बघते. वरून एक रुपया काढला की खालचे चाळीस जातात, असा हा व्यवहार. आपल्या काळ्या खडकात पाणी भेगांतून फिरते, त्यामुळे हिशेब इतका चोख बसत नाही. कुठे भेग थेट खाडीकडे जाते, कुठे मध्येच बुजलेली असते. पण दिशा तीच.

म्हणून खाडीकाठच्या विहिरीतून एकदम जोरात उपसा करणे धोक्याचे. एका दमात विहीर तळाला नेली की आजूबाजूच्या भेगांतले पाणी तिच्याकडे ओढले जाते आणि त्यात खारे पाणीही येते. सुरुवातीला पाणी नुसते मचूळ लागते. साबणाला फेस येत नाही. मग अळूची पाने कडेने करपतात. मग केळ बसते. आणि एकदा खारे पाणी भेगांत शिरले की एका पावसाने ते धुऊन निघत नाही, वर्षे जातात.

हे नुसते पुस्तकातले नाही. वसई आपल्यापासून लांब नाही. तिथल्या वाड्यांत पूर्वी विहिरीवर रहाट असायचे. रहाट ओढणारे जनावर दमले की उपसा थांबायचा. त्या वेळात विहीर भरून यायची. रहाट गेले, पंप आले, आणि पंप दमत नाही. पुढे तर वाड्यांतल्या विहिरींचे पाणी टँकरने इमारतींकडे जाऊ लागले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीने त्याविरुद्ध आवाज उठवला. विहिरी खाऱ्या होतील ही भीती त्या लोकांना होती, कारण ज्याची केळ आणि पानवेल त्या पाण्यावर उभी आहे त्याला ते आधी कळते. चारकोपात वाड्या उरल्या नाहीत, म्हणून आपल्याला ते उशिरा कळेल, एवढाच फरक.

पंप कोणत्या जातीचा?

आता खरेदीकडे येऊ. घरच्या विहिरीसाठी बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात.

पहिला, वर बसवायचा मोनोब्लॉक. स्वस्त, दुरुस्तीला सोपा, कोणताही मिस्त्री खोलू शकतो. पण त्याची एक मर्यादा पक्की लक्षात ठेवा. पंप पाणी ओढतो म्हणजे हवेचा दाब पाणी वर ढकलतो, आणि हा दाब कागदावर ३४ फुटांपर्यंतच पाणी चढवू शकतो. प्रत्यक्षात २० ते २२ फूट. पंप आणि मे महिन्यातले पाणी यांत याहून जास्त अंतर असेल तर दहा हॉर्सपॉवरची मोटर लावली तरी पाणी येणार नाही. मग लोक पंप विहिरीच्या आत पायरीवर उतरवतात. उन्हाळा निभावतो, पण जुलैत पाणी कठड्याला लागते आणि पंप बुडतो.

दुसरा, ओपनवेल सबमर्सिबल. हा विहिरीच्या पाण्यातच आडवा राहतो. पाणी भरून हवा काढण्याची कटकट नाही, फूटव्हॉल्व्ह नाही, पावसात बुडण्याची भीती नाही, आवाजही नाही. पाणी २० फुटांच्या खाली जात असेल तर हाच घ्या. तळाच्या गाळावर मात्र ठेवू नका. दोन फूट वर, दगडी चौथऱ्यावर किंवा दोरावर ठेवा.

तिसरा, बोअरवेलचा उभा, बारीक सबमर्सिबल. तो बोअरलाच ठीक. मोकळ्या विहिरीत तो सोडायचा तर त्याला बाहेरून नळीचे आवरण लागते, नाहीतर मोटरभोवती पाणी वाहत नाही आणि ती तापते.

पंपावरची पाटी वाचायला शिका. पाटीवर हेडचा पल्ला दिलेला असतो, उदाहरणार्थ ६ ते २४ मीटर. तुमचे हेड १५ मीटर असेल तर ते पल्ल्याच्या मध्यावर येते, पंप चांगला चालेल. दुकानदार सर्वात मोठा आकडा दाखवतो, पण त्या उंचीवर पाणी जेमतेम ठिबकते. उलट, ४० मीटरचा पंप १५ मीटरवर चालवला तर तो गरजेपेक्षा जास्त पाणी फेकतो, मोटरवर जास्त भार येतो आणि ती गरम होते. जास्त हेडचा पंप म्हणजे जास्त चांगला पंप, हा समज सोडा.

पाटीवर आयएसआयची खूण आणि मानकाचा आकडा बघा. मोनोब्लॉकला आयएस ९०७९, ओपनवेल सबमर्सिबलला आयएस १४२२०, बोअरच्या सबमर्सिबलला आयएस ८०३४. पाणी थोडेसे जरी मचूळ असेल तर बिडाचा पंखा घेऊ नका. तो लवकर खातो. पितळी जातीच्या धातूचा किंवा स्टेनलेस स्टीलचा पंखा आणि स्टेनलेस स्टीलचा शाफ्ट मागा. चार पैसे जास्त गेले तरी चालतील. जे पैसे तुम्ही हॉर्सपॉवरवर घालवणार होता, ते धातूवर घाला.

सक्शनचा पाइप पंपाच्या तोंडापेक्षा बारीक कधी नको. एल्बो जितके कमी तितके बरे. आणि कोरडे चालणे थांबवणारा फ्लोट स्विच विहिरीत जरूर बसवा. विहिरीत पाणी ठरलेल्या पातळीच्या खाली गेले की पंप आपोआप बंद. रहाटाचे जनावर जे काम करत होते, ते आता हा स्विच करील.

जिवाची गोष्ट

पाणी आणि वीज शेजारी शेजारी नांदत नाहीत. पंपाला वेगळी अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. पंप चालू असताना कोणीही विहिरीत उतरू नये, पाण्यात हात घालू नये. गाळ काढायला डिझेल किंवा पेट्रोलचे इंजिन विहिरीच्या आत उतरवणे म्हणजे मरण उतरवणे. त्याचा धूर खाली साचतो आणि माणूस गुदमरतो. वर्षानुवर्षे बंद असलेल्या विहिरीतही खराब हवा साचलेली असते. ते काम जाणत्या माणसांकडून, हवेची तपासणी करूनच करून घ्या.

दुसरे, विहिरीचा पंप आणि नळाची लाइन एकमेकांना जोडू नका. आणि नळालाच पंप लावून पाणी ओढणे तर गुन्हाच. त्याने शेजाऱ्याचे पाणी तुटते आणि फुटक्या पाइपातून गटाराची घाण आत खेचली जाते. प्यायला नळाचेच पाणी ठेवा. विहिरीचे पाणी पिण्याची वेळ आली तर तपासून, शुद्ध करून, उकळून. विहीर उघडी ठेवू नका, जाळी बसवा, गप्पी मासे सोडा. मलेरियाच्या डासाला विहीर फार आवडते.

पाणी आपले, की सगळ्यांचे?

आता कोणी म्हणेल, माझी विहीर, माझा पंप, माझे विजेचे बिल, तुम्हाला काय त्याचे? प्रश्न रास्त आहे. विहिरीचा कठडा तुमचा आहे, सातबाऱ्यावर किंवा प्रॉपर्टी कार्डावर जमीन तुमची आहे. पण खालचे पाणी कठड्यात अडकलेले नाही. तुम्ही जोरात ओढले तर शेजाऱ्याचा झरा आटतो, आणि खाडी आत आली तर दोघांचीही विहीर जाते. कायद्यानेही घरगुती वापराला मोकळीक ठेवली आहे. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या सप्टेंबर २०२० च्या नियमांत घरच्या पिण्याच्या व वापराच्या पाण्यासाठी परवानगीची अट नाही. पण पाणी विकणे म्हणजे घरगुती वापर नव्हे. एप्रिल २०२५ मध्ये याच प्राधिकरणाच्या अटींवरून मुंबईतल्या टँकरवाल्यांनी काम बंद ठेवले, तेव्हा हे शहर विहिरी आणि बोअरवर किती टेकले आहे ते सगळ्यांना दिसले. तुमच्या दारातही कोणी टँकरचा पाइप घेऊन येईल, चांगला भाव सांगेल. मोठा पंप दारात असला की मोह होतो. लहान पंप असला की प्रश्नच मिटतो. नवीन विहीर किंवा बोअर घ्यायची असेल तर आधी पालिकेच्या आर दक्षिण विभाग कार्यालयात चौकशी करा.

आणि जो काढतो त्याने घालावेही. आपल्याकडे जून ते सप्टेंबरात सरासरी २,२०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. ५०० चौरस फुटांच्या छपरावरून त्यातले ८० हजार लिटर पाणी सहज गोळा होते. रोजच्या ६७५ लिटरने हे चार महिन्यांचे पाणी झाले. पहिले दोन-तीन पाऊस वाहू द्या, मग छपराचे पाणी खडी, वाळू आणि जाळीच्या गाळणीतून विहिरीत सोडा. पंपाच्या किमतीतले दोन पैसे या पन्हळीवर घाला. गोड्या पाण्याची पातळी जितकी वर, तितका समुद्र लांब.

तेव्हा वाचकहो, दुकानात जाण्याआधी तीन आकडे कागदावर लिहा : घराला रोज किती लिटर लागते, मे महिन्यातल्या पाण्यापासून टाकीपर्यंत उंची किती, आणि विहिरीचा झरा तासाला किती देतो. चौथा आकडा क्षारांचा. टीडीएस मीटर स्वस्तात मिळतो. दर मे आणि दर ऑक्टोबरात मोजा आणि विहिरीजवळच्या भिंतीवर खडूने तारखेसह लिहून ठेवा. पिण्याच्या पाण्याला लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगले आणि दुसरी सोय नसेल तर २,००० पर्यंत चालते, असे भारतीय मानक सांगते. पण तुम्ही नुसत्या आकड्याकडे बघू नका, तो कोणत्या बाजूला सरकतो ते बघा. दर मे महिन्यात तो चढत असेल, तर उपसा कमी करा, त्याच वर्षी. पुढच्या वर्षी बघू म्हणणाऱ्याची विहीर खाडीच्या बाजूला गेलेली असते, आणि ती परत आणणारा पंप अजून कोणी बनवलेला नाही.